लॉख गॉर्मच्या काठी, किलहोमनच्या शेतावर

शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत मुरलेली धुरकट व्हिस्की आवडत असेल, तर स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या किलहोमन या डिस्टिलरीला, म्हणजे व्हिस्कीच्या कारखान्याला, एकदा जायलाच हवं. ग्लासगोहून केनाक्रेगच्या धक्क्यापर्यंत गाडीने तीन तास धरून चाला, पुढे बोटीने साधारण दोन तास. गाडी न्यायची असेल तर बोटीचं आरक्षण आधी करा, तेही शक्य तितकं लवकर. वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीचं विमान बोटीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका. ग्लासगोहून छोटं विमानही जातं, पण बेटावर गाडी हवीच.

आम्ही ऑक्टोबरात गेलो. डिस्टिलरीकडे वळलं की रस्ता एका गाडीपुरताच अरुंद होतो. समोरून गाडी आली की जागा बघून थांबायचं आणि हात करायचा. इथे प्रत्येक जण हात करतो. ग्रीनलंडहून आलेले हंस शेताशेतांत उतरलेले असतात. लॉख गॉर्म हे बेटावरचं गोड्या पाण्याचं सगळ्यात मोठं तळं, डिस्टिलरीच्या अगदी जवळ. त्याच्याच नावाची व्हिस्की दरवर्षी साधारण वसंतात येते, मर्यादित बाटल्यांत, पूर्णपणे ओलोरोसो या गडद शेरीच्या पिंपांत मुरलेली, 46 टक्क्यांची.

डिस्टिलरी 2005 साली अँथनी विल्स यांनी रॉकसाइड शेतावर सुरू केली. बेटावर शंभराहून अधिक वर्षांत नवी डिस्टिलरी झाली नव्हती. पुढे ते शेतही त्यांनी विकत घेतलं. फेरफटक्यात मला सगळ्यात आवडली ती माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची खोली. भिजवलेली बार्ली फरशीवर पसरलेली असते आणि ती हाताने उलथत राहतात, नाहीतर मुळं एकमेकांत गुंततात. वास थेट मोड आलेल्या मटकीचा. ओंजळीत घेतलं तर दाणा ओलसर, कोमट लागतो आणि टोकाला पांढरी मुळी दिसते. मग पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढून जळणासाठी वाळवलेल्या मातीच्या धुरावर तो वाळवतात. बार्लीच्या शेतापासून बाटलीपर्यंत सगळं एकाच आवारात, हे फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. या फरशीवरचं माल्ट प्रामुख्याने ‘100% आयला’ या बाटलीत जातं, त्याचा धूर सौम्य. लॉख गॉर्मसाठी बेटावरच्याच पोर्ट एलन गावातल्या माल्टच्या कारखान्यातलं जास्त धुरी दिलेलं माल्ट वापरतात. म्हणून चव घेताना दोन्ही शेजारी मागा. ‘100% आयला’त धान्याचा गोडवा वर येतो; लॉख गॉर्ममध्ये आधी मनुका, सुकं अंजीर, संत्र्याची साल, आणि गिळल्यावर मागून येणारा राखेचा धूर. दोन-चार थेंब पाणी घालून पुन्हा घ्या, फळं उघडतात. माझं मत विचाराल तर शेरी आणि पीट एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत, यातच या व्हिस्कीचं मोठेपण आहे.

गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. स्कॉटलंडमधली मद्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे. चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात का, ते आरक्षण करतानाच विचारा. लॉख गॉर्म दुकानात शिल्लक आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या. वर्षाची बाटली संपली की संपली. शाकाहारी मंडळींनी बोमोर गावातल्या को-ऑप या दुकानातून ब्रेड, चीज, फळं सोबत ठेवलेली बरी.

तिथून माखिर बे अगदी जवळ. लांबलचक वाळू आणि अटलांटिकच्या लाटा. पण प्रवाह धोकादायक आहेत, पोहायला उतरू नका.

भारतात परतणार असाल तर माणशी 2 लिटरपर्यंत मद्य करमुक्त आहे. तिथली बाटली 700 मिलीची, म्हणजे करमुक्त दोनच आणता येतात; तिसरी घेतलीत तर हिशेब 2.1 लिटरवर जातो. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेवा.