चार मीटरची पट्टी

इतिहासाच्या प्रकल्पाला सहा आठवडे होते. विषय: ‘आधुनिक युद्धं कशी लढली जातात’. पहिला आठवडा मी शस्त्रांची यादी करण्यात घालवला. मशीनगन, विषारी वायू, रणगाडा, बॉम्बफेकी विमान, अणुबॉम्ब, क्षेपणास्त्र, सायबर हल्ला, ड्रोन. प्रत्येकासमोर साल आणि ठिकाण. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ क्लोरीन वायू, १५ सप्टेंबर १९१६ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत पहिले रणगाडे, २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा संगणक-विषाणू. तक्ता देखणा झाला होता. खाली निष्कर्ष लिहिला, ‘तंत्रज्ञानामुळे युद्ध पूर्णपणे बदललं.’

बाईंनी ‘बदललं’ या शब्दाभोवती पेन्सिलने गोल काढला आणि शेजारी एकच शब्द लिहिला: ‘कुणासाठी?’

दोन दिवस काही सुचेना. मग मी यादी बाजूला ठेवली आणि नुसते फोटो बघत बसले. एक फोटो १९१६च्या सोमच्या खंदकाचा, दुसरा युक्रेन युद्धातला. दोन्हींत तोच चिखल, भिंतीला टेकू दिलेल्या त्याच फळ्या, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली माणसं. दुसरा फोटो रंगीत नसता तर कुठला कोणता ते मला पटकन सांगता आलं नसतं. मग दुसऱ्या फोटोतली एक गोष्ट दिसली. खंदकावर जाळी ताणलेली होती, ड्रोन अडकावा म्हणून. युरोपातल्या मच्छीमारांच्या जुन्या जाळ्याही या कामासाठी युक्रेनला पाठवल्या गेल्या आहेत, हे नंतर वाचनात आलं. म्हणजे सगळ्यात नवं शस्त्र आकाशात होतं आणि त्याच्यापासून वाचायला माणसाच्या हातात फावडं आणि मासे धरायचं जाळं होतं. माझा निष्कर्ष तिथेच डळमळला.

तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडून एक मोठी चूक झाली. सोमच्या हल्ल्याआधी, २४ जून १९१६पासून, ब्रिटिश तोफांनी आठवडाभरात १५ लाखांहून अधिक गोळे डागले होते. दुसरीकडे, युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला वर्षभरात १० लाख गोळे द्यायचं ठरवलं आणि मुदत संपेपर्यंत जेमतेम निम्मेच दिले. मी मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं, ‘तेव्हा एका आठवड्यात जे उडवलं, ते आज वर्षभरात जमत नाही.’ वर्गातल्या मैत्रिणीने मसुदा वाचला आणि विचारलं, “गोळे एकाच मापाचे होते का गं?” नव्हते. सोमला उडालेले बहुतेक गोळे हलक्या तोफांचे, जेमतेम आठ-साडेआठ किलोंचे. युक्रेनला द्यायचा १५५ मिलिमीटरचा गोळा चाळीस किलोंच्या वरचा. आकडे दोन्ही खरे होते, पण शेजारी ठेवल्यावर वाचणारा फसला असता. ते पान मी काढून टाकलं.

त्यानंतर प्रत्येक आकड्यापाशी थांबून तो नेमका कशाचा आहे हे बघायची सवय लागली. १९९१च्या आखाती युद्धाचे टीव्हीवर दाखवलेले व्हिडिओ मी याच नजरेने पुन्हा पाहिले. काळ्यापांढऱ्या पडद्यावर फुलीच्या चिन्हाखाली इमारत येते, बॉम्ब बरोबर तिच्यात शिरतो, चित्र संपतं. त्यावरून वाटतं की सगळं युद्ध असंच नेमकं झालं. प्रत्यक्षात त्या युद्धात टाकलेल्या बॉम्बसाठ्यात मार्गदर्शित, म्हणजे लक्ष्याकडे वळवत नेता येणाऱ्या, बॉम्बचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी होता. बाकीचे साधेच, विमानातून सोडून दिलेले. इराकमध्येच २००३ साली हे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशावर गेलं. बदल खरा होता, पण लोकांच्या मनात तो बारा वर्षं आधीच घडून गेला होता, कारण कॅमेरा फक्त मार्गदर्शित बॉम्बलाच लावलेला होता.

‘कुणासाठी?’चं उत्तर शेवटी सोमच्याच एका आकड्यातून सापडलं. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यांतले १९,२४० मृत. हा आकडा सगळीकडे येतो. मी उरलेल्यांचा विचार करत राहिले. ते कुठे होते? पुष्कळसे दोन्ही बाजूंच्या खंदकांमधल्या मोकळ्या जमिनीवर, गोळ्यांनी पडलेल्या खड्ड्यांत. दिवसा हललं तरी नेम धरला जाई, म्हणून स्ट्रेचर उचलणारे बहुधा रात्री निघत. चिखल वाढला की एका स्ट्रेचरला चारऐवजी सहा-आठ माणसं लागत. काही जखमी दोन-तीन दिवस, काही त्याहूनही जास्त तसेच पडून होते.

मी प्रश्न बदलून घेतला. गोळी लागल्यापासून डॉक्टरच्या हातात पोचेपर्यंत किती वेळ? शस्त्रं कितीही बदलोत, हा प्रश्न प्रत्येक युद्धाला विचारता येतो. बाईंनी लगेच होकार दिला.

इथून वाचन नुसतं धावत सुटलं. कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टरच्या बाहेर लावलेले स्ट्रेचर, व्हिएतनाममध्ये ह्यूई हेलिकॉप्टर, मग अफगाणिस्तान. तिथे २००९ साली अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी आदेश दिला की गंभीर जखमी सैनिक साठ मिनिटांच्या आत उपचारांपर्यंत पोचला पाहिजे. आदेशानंतर या वेळेचा मध्यक ९० मिनिटांवरून ४३ मिनिटांवर आला आणि मृत्यूही कमी झाले. गणितात शिकलेला मध्यक इतक्या मोलाच्या ठिकाणी भेटेल असं वाटलं नव्हतं. मात्र हा हिशोब अमेरिकी सैनिकांचा आहे. त्याच देशातल्या जखमी गावकऱ्याच्या दाराशी असं हेलिकॉप्टर येईलच असं नव्हतं. हे वाक्य मी मुद्दाम तळटीपेत न टाकता मजकुरात ठेवलं.

आणि मग युक्रेन. तिथे आघाडीजवळ जखमींसाठी हेलिकॉप्टर नेणं जवळजवळ अशक्य आहे, कारण ते पाडलं जाईल. गाडी न्यावी तर वर ड्रोन. काहीशे डॉलरचा ड्रोन एकेका माणसाचा पाठलाग करतो. त्याचे रेडिओ संदेश अडवता येतात, म्हणून आता काही ड्रोन मागे बारीक ऑप्टिकल फायबरचा धागा सोडत उडतात आणि शेतांवर त्या धाग्यांची कोळिष्टकं पसरलेली फोटोंत दिसतात. म्हणून जखमी अंधाराची, पावसाची, धुक्याची वाट पाहतो. कधी काही तास, कधी काही दिवस. रक्त थांबवायला हातापायावर आवळलेला पट्टा, म्हणजे टूर्निकेट, साधारण दोन तासांत काढता किंवा बदलता यायला हवा. तो त्याहून कितीतरी जास्त वेळ तसाच राहतो आणि वाचू शकला असता असा हात किंवा पाय कापावा लागतो. आता चाकांचे किंवा रणगाड्यासारख्या पट्ट्यांचे छोटे यंत्रमानव जखमींना आणायला पाठवतात. त्यांच्या सपाट पाठीवर बांधून ठेवलेल्या एका माणसाचा व्हिडिओ मी पाहिला. खडबडीत वाटेवर त्याचं डोकं हलत होतं आणि सोबत कुणीच नव्हतं. तो मी दुसऱ्यांदा लावला नाही.

हे सगळं तक्त्यात मांडून काही कळेना. ४३ आणि ‘तीन दिवस’ हे शब्द कागदावर सारखीच जागा घेतात. म्हणून मी कागदाच्या पट्ट्या कापल्या. एक मिनिट म्हणजे एक मिलिमीटर. अफगाणिस्तानची पट्टी ४.३ सेंटीमीटर झाली, दोन बोटांत मावणारी. सोमला तीन दिवस पडून राहिलेल्या माणसाची पट्टी ४.३२ मीटर. ती कापता कापता, चिकटवता चिकटवता मला एक संध्याकाळ लागली, आणि दर साठ मिलिमीटरला तासाची रेघ मारताना प्रत्येक रेघ खऱ्या अर्थाने एक तास वाटायला लागली.

युक्रेनसाठी एक आकडा लिहिणं मला पटेना. जे वाचलं त्यात कुणी सहा तासांत पोचला होता, कुणी कित्येक दिवसांनी, आणि हे अजून चालूच होतं. मी कागदाची आख्खी गुंडाळी घेतली, सुरुवातीला तासांच्या रेघा मारल्या आणि पुढचा कागद कोरा ठेवला.

सादरीकरणाच्या दिवशी सोमची पट्टी धरायला दोघी लागल्या. एक फळ्यापाशी, एक पार दाराकडे. लहान पट्टी मी तळहातावर ठेवून पहिल्या बाकापासून फिरवली. बाकीचं सगळं, शस्त्रांच्या यादीसह, दहा मिनिटांत सांगून झालं.

नंतर बाईंनी टेबलावरची गुंडाळी उचलली आणि थोडी उलगडली. “हिचं टोक कुठंय?” मी म्हटलं, “कापलेलंच नाही, बाई.” त्यांनी ती परत नीट गुंडाळली, वर रबर लावलं आणि वहीबरोबर माझ्या हातात दिली. “असू दे,” म्हणाल्या, “इतक्यात कापू नकोस.”