कोम्बूच्या पाण्यातली आमटी

१५ जुलैच्या पहाटे जपानमधल्या फुकुओकात यामाकासा निघतो. जवळजवळ टनभर वजनाचा लाकडी डोलारा खांद्यावर घेऊन माणसं हाकाता भागातल्या रस्त्यांवरून धावतात आणि बघणारे त्यांच्यावर बादल्यांनी पाणी ओततात. गेल्या वर्षी त्या घामेजलेल्या गर्दीत मी स्वेटर घालून उभी होते. नवऱ्याने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मला नुसती थंडी वाजत होती.

त्याआधी वर्षभर शरीर काहीतरी सांगत होतं. केस मुठीने जात होते. पाळी दहा-दहा दिवस चालायची. ओहोरी पार्कच्या तळ्याभोवतीची दोन किलोमीटरची फेरी मी पूर्वी बोलता बोलता संपवायचे, आता अर्ध्यावर बाक शोधायचे. इथे कंपनीची वार्षिक आरोग्य तपासणी सक्तीची असते. तीत कोलेस्टेरॉल वाढलेलं आलं. तेल कमी करा, चालायला जा, असा सल्ला मिळाला. मी तेल कमी केलं. दमणूक तशीच राहिली. त्या तपासणीत थायरॉईडची चाचणीच नसते आणि थायरॉईड मंदावला की कोलेस्टेरॉल वाढतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. म्हणून आधी तुम्हाला सांगते: बारीक माणसाचं कोलेस्टेरॉल अचानक वाढलं असेल आणि सोबत थकवा असेल, तर टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्तचाचणी, बघून घ्या.

शेवटी घराजवळच्या छोट्या दवाखान्यातल्या सेन्सेईंनी, म्हणजे डॉक्टरांनी, माझ्या गळ्याला बोटं लावली, घोटभर पाणी गिळायला सांगितलं, सोनोग्राफी केली, रक्त काढलं. आठवड्याने कागद समोर ठेवला. टीएसएच १८, खरं तर पाचच्या आत हवा. टीपीओ अँटीबॉडी, म्हणजे थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं, सहाशेच्या वर. मग ते हळू, स्पष्ट जपानीत म्हणाले, "हाशिमोतो ब्यो." ब्यो म्हणजे आजार. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर चालून जाते, आणि ग्रंथी हळूहळू थकते.

ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते हाकारू हाशिमोतो याच शहरात शिकले. जन्म १८८१चा, मिए प्रांतातल्या इगाचा, घराणं वैद्यांचं. पदवीनंतर इथल्या विद्यापीठाच्या शस्त्रक्रिया विभागात काम करताना त्यांनी चार स्त्रियांच्या गलगंडाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९१२ साली त्यावर जर्मन भाषेत लेख लिहिला. पुढे ते गावी परतले आणि अखेरपर्यंत गावचे डॉक्टर म्हणूनच राहिले. १९३४ साली विषमज्वराने गेले. त्यांनी पाहिलेला प्रकार म्हणजे शरीराचाच स्वतःवरचा हल्ला, हे विज्ञानाला १९५६ मध्ये कळलं. क्युशू विद्यापीठाच्या इस्पितळाच्या आवारात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. निदान झाल्यावर एका रविवारी मी त्यावरून चालत गेले. त्या चार बायकांची नावं मला माहीत नाहीत, पण त्या दिवशी मी त्यांचाच विचार करत होते. त्यांनाही अशीच थंडी वाजली असेल.

दुसऱ्या भेटीत सेन्सेईंनी विचारलं, "कोम्बू खाता का?"

आम्ही घरचे शाकाहारी. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, म्हणजे चवीचं मुरलेलं पाणी, आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाची. तिला पर्याय कोम्बू, म्हणजे जाड समुद्री शेवाळ. ते रात्री पाण्यात टाकायचं, सकाळी पाण्याला अशी चव येते की वरण नुसतं प्यावंसं वाटतं. चार वर्षं मी आमटी, भाजी, सूप सगळं त्याच पाण्यात करत होते. ऑफिसात कॉफीऐवजी कोम्बूची पूड घातलेलं गरम पाणी, इथला कोंबुचा. (भारतात कोंबुचा म्हणून मिळतो तो आंबवलेला चहा, हा वेगळा.) हिवाळ्यात सर्दी होऊ नये म्हणून पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या, त्याही रोज.

माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. एक ग्रॅम सुक्या कोम्बूत याच्या दहापटीहून जास्त असू शकतं. आयोडीन फार झालं की ग्रंथी संप्रेरक बनवणं काही काळ थांबवते. निरोगी ग्रंथी त्यातून थोड्या दिवसांत बाहेर येते, हाशिमोतोची अडकून पडते. त्यात आई दर खेपेला माझ्या बॅगेत आयोडीनयुक्त मिठाची पिशवी घालते, कारण जपानात मिठात आयोडीन नसतं, हे तिने कुठेतरी वाचलंय. नसतं हे खरं, पण इथल्या लोकांना ते समुद्रातूनच भरपूर मिळतं. आईच्या पिढीने गलगंड झालेली माणसं पाहिली आहेत, तिची काळजी मला समजते. मिठाने काही बिघडलं नव्हतं, कोम्बूपुढे ते किरकोळच.

सेन्सेईंनी एक गोष्ट दोनदा सांगितली: आजार कोम्बूने झालेला नाही. कल रक्तातला, घराण्यातला. कोम्बूने फक्त ओझं वाढवलं. हे ऐकून मला दवाखान्यातच रडू आलं, कारण आठवडाभर मी स्वतःलाच दोष देत होते.

कोम्बू आणि गुळण्या बंद केल्या. नोरी, म्हणजे सुशीला गुंडाळतात ते पातळ शेवाळ, चालते, तिच्यात आयोडीन बरंच कमी. इथे काही रुग्णांचा थायरॉईड एवढ्यानेच ताळ्यावर येतो. माझा टीएसएच दोन महिन्यांनी १८ वरून ९ वर आला आणि तिथेच अडला. मग गोळी सुरू झाली, आधी २५ मायक्रोग्रॅम, नंतर ५०. ही लेव्होथायरॉक्सिनची गोळी हल्ला थांबवत नाही. ग्रंथीला जे बनवता येत नाही ते बाहेरून भरून देते. तिचा परिणाम शरीरात हळू साठतो, म्हणून पुढची रक्ततपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. पहिले तीन आठवडे काहीच जाणवलं नाही आणि मी फार निराश झाले. पाचव्या आठवड्यात ओहोरीची फेरी न बसता पूर्ण झाली.

औषध दुकानातल्या बाईंनी माझ्या औषधांच्या वहीत स्टिकर लावताना सांगितलं की २०११च्या भूकंपात फुकुशिमातल्या इवाकीचा कारखाना बंद पडला, आणि जपानातल्या जवळजवळ सगळ्या थायरॉईडच्या गोळ्या तिथेच बनत होत्या. परदेशातून मागवाव्या लागल्या. तेव्हापासून मी महिन्याभराच्या गोळ्या जास्तीच्या ठेवते.

"घराण्यातला" हा शब्द मात्र डोक्यात राहिला. मी साताऱ्याला आत्याला फोन केला. तिला बारा वर्षं थायरॉईड आहे.

"अगं, मी घेते की गोळी. सकाळी चहाबरोबर, ती कॅल्शियमची असते ना, तिच्यासोबतच. रिपोर्ट चांगला आला की सोडते थोडे दिवस. उगाच सवय नको."

मला काही क्षण बोलताच येईना. कॅल्शियम आणि लोह ही गोळी नीट शोषू देत नाहीत, दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. चहाही अर्धा-पाऊण तास थांबायला हवा. आणि रिपोर्ट चांगला येतो तो गोळीमुळेच. बारा वर्षं आत्याची दमणूक आम्ही सगळ्यांनी वयावर आणि स्वभावावर ढकलली. "तिचं असंच असतं," असं मीही म्हटलं आहे.

त्या रात्री आम्ही तासभर बोललो. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर गेलं. गोळीचा डबा देवघराशेजारी आला, कारण आत्या उठली की आधी तिथेच जाते. पुढच्या आठवड्यात ती तिच्या डॉक्टरांकडे जाऊन नव्याने तपासणी करून आली.

साताऱ्यात साडेपाच वाजतात तेव्हा इथे नऊ. मी ऑफिसात संगणक सुरू करत असते आणि फोनवर तिचा एका शब्दाचा निरोप येतो: "घेतली."