आमची वाटचाल: कॉम्प्युटरच्या दुकानापासून सायबर सुरक्षेपर्यंत

सांगलीत आमची सुरुवात कॉम्प्युटर असेंबल करून विकण्यापासून झाली. पुढे लॅन केबलिंग, टॅलीच्या सर्व्हरची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार), सीसीटीव्ही अशी कामं वाढत गेली. सुरक्षेचं मात्र कोणी नाव काढत नसे. अँटिव्हायरसचा विषय काढला की ‘फुकटातला टाका की’ हे ठरलेलं उत्तर.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याच ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सुरक्षेची किमान चौकट बंधनकारक केली. वर्षभराने बँकेच्या डिजिटल व्यवहारांच्या पसाऱ्याप्रमाणे या चौकटीचे चार स्तर पाडले. आमच्या धंद्याला वळण लागलं ते इथे. आमची फायरवॉलची (बाहेरून होणारी घुसखोरी अडवणारी यंत्रणा) जी कोटेशनं फायलीत पडून होती, ती संचालक मंडळाच्या बैठकीत मंजूर होऊ लागली. कारण एकच, तपासणीत विचारणार.

अशा बँकेच्याच पेठेतल्या पतसंस्थेत गेलं की वेगळंच चित्र. ठेवीदार तेच, पिग्मी तशीच. पण कारभार सहकार खात्याच्या अखत्यारीत, त्यामुळे रिझर्व्ह बँकेची चौकट लागू नाही. बॅकअप आहे का विचारलं तर ‘आहे की!’ उघडून बघावं तर त्याच मशीनच्या डी ड्राइव्हमध्ये. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं तर मूळ डेटा आणि नक्कल, दोन्ही एकदमच गेले. सगळ्या क्लार्कचा पासवर्ड एकच, तोही मॉनिटरला चिकटवलेला. पैसा लोकांचा असेल तर त्याची सुरक्षा कोणाच्या मर्जीवर सोडता कामा नये, हे माझं ठाम मत इथेच बनलं.

पण सरसकट सक्तीला माझा विरोध आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, आदेश काढला: हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, १८० दिवसांचे लॉग (सिस्टीमवर कोणी कधी काय केलं याच्या नोंदी) ठेवा. लहान उद्योगांना सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली, नियम तोच राहिला. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात एक कॉम्प्युटर आणि एक दिवाणजी. लॉग म्हणजे काय, हे त्यांना समजावणारं माणूस तालुक्याला तरी नेमायला हवं होतं. रिझर्व्ह बँकेसारखे स्तर सगळ्यांसाठीच करता येतील.

आणि घरातल्या माणसावर तर सक्ती नकोच. बांधायचं तर वस्तू बनवणाऱ्याला बांधा. पूर्वी डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारी पेटी) सगळीकडे एकाच पासवर्डने यायचे, बसवणारे तो तसाच ठेवून निघून जायचे आणि घरातलं चित्र बाहेरच्याला दिसायची सोय व्हायची. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून असे सामाईक पासवर्ड कायद्यानेच बंद केले. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली. स्वस्तातला माल गेला म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं, पण मला हा नियम मनापासून पटतो. आजींना सेटिंगमध्ये शिरायची गरजच उरू नये.

सध्या आम्ही पतसंस्थांची एएमसी घेताना वेगळ्या डिस्कवरचा बॅकअप आणि दर महिन्याला तो परत चालवून बघणं, हे करारातच लिहून घेतो. ज्यांना ते नको असेल त्यांचं काम आम्ही घेत नाही. सहकार खात्याने हीच अट घातली तर आमचं वेगळेपण जाईल, तरी ती लवकर यावी.