पिझ्झाला चौघं लागतात

2003 साली मी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहत होते आणि मला कायद्यानेच काम करायला बंदी होती. नवऱ्याचा व्हिसा एच-1बी, माझा एच-4. सोबत राहायचं, हवं तर कॉलेजात शिकायचं, पण पगार घ्यायचा नाही. (एच-4 वरच्या काही बायकांना कामाची परवानगी मिळू लागली ती 2015 पासून. तोवर आम्ही केव्हाच परत आलो होतो.) सांगलीत बी.कॉम. होऊन तीन वर्षं मी एका सीएंकडे लोकांचे ताळेबंद जुळवले होते. एडिसनला जुळवायला उरली फक्त सवलतीची कुपनं. ओक ट्री रोडवर कोथिंबिरीपासून मिक्सरपर्यंत सगळं देशी मिळायचं, पण तिथवर जायला गाडी लागायची आणि मला गाडी येत नव्हती.

अशा वर्षी मला अमेरिकेतली पहिली नोकरी लागली, पिझ्झा करायची. द सिम्स ऑनलाइन नावाच्या गेममध्ये.

सिम्स हा मुळात एकट्याने खेळायचा गेम. 2000 साली आलेला, विल राइट या माणसाच्या डोक्यातून निघालेला. बाहुल्यांसारखी माणसं, त्यांना घर बांधून द्यायचं, खायला घालायचं, वेळेवर बाथरूमला पाठवायचं. डिसेंबर 2002 मध्ये त्याची ऑनलाइन आवृत्ती आली आणि त्या बाहुल्यांच्या मागे खरी माणसं बसली. महिन्याला दहा डॉलर. तेव्हा प्रत्येक डॉलरला 47-48 ने गुणायची सवय होती, त्यामुळे नवऱ्याच्या कार्डावर पहिले पैसे गेले तेव्हा पोटात कालवलं. पावणेपाचशे रुपये! खोटं घर चालवायला!

या गेमला ध्येय असं काही नव्हतंच. कौशल्यं कमवायची, पैसे कमवायचे, घर सजवायचं. पैसे कमवायच्या वस्तू होत्या: मुरांबे भरायचं टेबल, बागेतले बुटके घडवायचा बाक, चित्र काढायचा फळा. ही कामं एकट्याने करता यायची आणि त्यात मिळायचं थोडं. पिझ्झाचं यंत्र मात्र चौघांशिवाय चालायचंच नाही. चौघांची कौशल्यं वेगळी आणि प्रत्येकाने आपापलं साहित्य निवडायचं. एकाचं चुकलं की चौघांचा पिझ्झा बिघडला. कौशल्य शिकायचं तरी तेच, घरात जितकी माणसं जास्त तितकं लवकर शिकून व्हायचं. आणि शिकणं म्हणजे तरी काय, बाहुली आरशासमोर उभी राहून भाषण करते आहे, किंवा पुस्तक वाचते आहे, आणि आपण अर्धा-अर्धा तास नुसतं बघतोय. करणार काय? बाजूच्याशी बोलायचं.

गेममधल्या ब्लेझिंग फॉल्स या गावात माझी बाहुली राहायची. तिथे माझी ओळख ओहायोतल्या एका निवृत्त नर्सशी झाली. पिझ्झाच्या यंत्रावर माझ्या शेजारची जागा तिची. तिच्याकडून मी अमेरिकन दवाखान्यात फोनवर कसं बोलायचं ते शिकले आणि तिने माझ्याकडून 'पोहे' हा शब्द शिकून घेतला. तिने टाइप केलेला शब्द 'पो-हाय' असा वाचावा लागायचा. मी तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता. गेममध्ये मैत्रीचं एक जाळं दिसायचं, कोण कोणाशी जोडलेलं आहे ते. माझ्या जाळ्यात अकरा माणसं होती. एडिसनच्या आमच्या इमारतीत मला तीन जणी ओळखत होत्या.

समीक्षकांनी गेमला कंटाळवाणा ठरवलं, आणि ते काही खोटं नव्हतं. सदस्य लाखाच्या आसपास गेले आणि मग घसरतच राहिले. शेजारच्या अल्फाव्हिल गावात काय काय चाललं होतं ते आम्हाला ऐकूनच माहीत: स्वतःला माफिया म्हणवणाऱ्या टोळ्या, नव्या लोकांना फसवून पैसे लुबाडणारे. पीटर लडलो नावाचे तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक त्या गावाचं वर्तमानपत्र काढायचे. 2003 च्या डिसेंबरात गेमच्या कंपनीने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने (ईए), त्यांचं खातंच बंद केलं. आमच्या ब्लेझिंग फॉल्समध्ये आमचे पिझ्झे चालू होते.

2005 मध्ये मुलगा झाला, खेळणं सुटलं, पाठोपाठ आम्ही नाशिकला आलो. गावांचा शेवट मी पाहिला नाही. 2008 च्या सुरुवातीला जुनी गावं मोडून एकत्र केली, नाव बदलून ईए-लँड ठेवलं, आणि 1 ऑगस्ट 2008 ला सगळंच बंद केलं. त्या शेवटच्या मिनिटांचं चित्रण स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी जपून ठेवलं आहे. गेममधल्या रेडिओचा निवेदक शेवटपर्यंत लोकांशी बोलतो आहे. मी ते बऱ्याच वर्षांनी पाहिलं, आणि भाजी करपली.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून सीडींचा खोका निघाला. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. "आई, तू गेम खेळायचीस?" हे त्याने ज्या सुरात विचारलं, त्यावरच मी ठरवलं की हा चालवून दाखवायचा.

ठरवणं सोपं होतं. लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही, तेव्हा भाच्याकडून यूएसबीवाला ड्राइव्ह आणला. गेम चढला, सुरू झाला, नाव-पासवर्डाची खिडकी आली आणि तिथेच संपला. पलीकडे कोणी नव्हतंच. माझ्या डोक्यात तोवर पक्कं होतं की गेम सीडीत आहे. मुलाने समजावलं: सीडीत आहेत ती चित्रं, आवाज, वस्तू कशा वागतात त्याचे नियम. गाव, घरं, कोणाकडे किती पैसे, कोणाची कोणाशी मैत्री, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे त्यांच्याकडे कायम चालू असलेल्या संगणकांवर. ते बंद झालं तेव्हा तेही गेलं. म्हणजे माझ्याकडे भांडीकुंडी होती, भिंती नव्हत्या.

मग फ्रीएसओ सापडलं. चाहत्यांनी गेमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्राम, सी-शार्प या संगणकभाषेत नव्याने लिहिलंय, कोड सर्वांना खुला. 2017 च्या जानेवारीत त्यांनी सनराइज क्रेटर नावाचं गाव लोकांसाठी उघडलं होतं. त्यांचा कोड त्यांचा स्वतःचा, पण चित्रं आणि आवाज मूळ कंपनीचे. ते ही मंडळी स्वतः वाटत नाहीत, मूळ गेमच्या फाइली ज्याने त्याने आणायच्या. माझ्या सीडीवरच्या चालल्या नाहीत. त्या सुरुवातीच्या काळातल्या आणि हवी होती शेवटच्या वर्षांतली आवृत्ती. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

मला दुसऱ्या कोणाच्या गावात नव्याने नाव नोंदवायचं नव्हतं. मला आमचं चौघांचं यंत्र हवं होतं. म्हणून स्वतःचा सर्व्हर. मुलाने डेटाबेस बसवला आणि परीक्षा आली म्हणून पळाला. पुढचं मी केलं, ज्या बाईला आजवर एक्सेल आणि टॅलीपलीकडे काही येत नव्हतं. सेटिंगची एक फाइल असते, तिच्यात गेमचा फोल्डर कुठे आहे ते लिहायचं. मी लिहिलं. सर्व्हर उठेना. तीन दिवस उठेना. लाल अक्षरात पानभर काहीतरी यायचं, त्यातलं मला फक्त 'लाइन 4' कळायचं. ताळेबंदात नऊ रुपयांचा फरक शोधताना करायचे तसं मी प्रत्येक ओळीवर पट्टी ठेवून अक्षर-अक्षर पाहिलं. शेवटी कळलं की विंडोजच्या पत्त्यात जी उलटी तिरकी रेघ असते, ती या प्रकारच्या फाइलमध्ये दोनदा लिहावी लागते. एका रेघेसाठी तीन दिवस! रेघा दुप्पट केल्या आणि काळ्या खिडकीत ओळी सरसर खाली धावू लागल्या. रात्रीचा दीड वाजला होता. घरात उठवून सांगावं असं कोणी नव्हतं. नवऱ्याला उठवलं असतं तर त्याने "बरं" म्हणून कूस बदलली असती.

गाव रिकामं होतं. हिरवळ, पाणी, आणि माझी एक बाहुली. मी पिझ्झाचं यंत्र विकत घेतलं, मांडलं, त्याच्यापुढे उभी राहिले. यंत्र चौघांची वाट पाहत राहिलं.

ओहायोच्या मैत्रिणीशी वर्षातून एकदा ख्रिसमसची ईमेल चालू होती. मी उत्साहाने कळवलं. तिचं उत्तर आलं ते अनपेक्षित होतं. तिने लिहिलं की शेवटच्या रात्री ती तिथे होती. घरातला एकेक दिवा बंद करत ती सगळीकडे फिरली होती. "माझं त्या घराचं दुःख करून झालंय. आता तू मला त्याच रंगाच्या भिंतीचं दुसरं घर दाखवणार, आणि मी काय करायचं?" मुलाचंही मत तिच्याच बाजूला. गेम बंद पडला की पडला, जुनं कशाला उकरायचं, असं त्याचं.

मी आठवडाभर त्यावर विचार केला. हा गेम पुन्हा आणावा का, असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर आता असं आहे: आणावा, पण कंपनीने नको. कंपनी आणेल तो 'सुधारून' आणेल. ताटकळणं काढून टाकेल, पिझ्झा एकट्याला करता येईल, रोज आलात तर बक्षीस, घाई असेल तर पैसे भरा. त्याच कंपनीने 2011 मध्ये फेसबुकवर सिम्स सोशल आणला होता, तोही जून 2013 मध्ये बंद केला. ज्या कंटाळ्यावर समीक्षकांनी टीका केली, तो नसता तर मी त्या नर्सशी एक वाक्य बोलले नसते. कंपनीने फक्त एक कागद द्यावा, की बाबांनो चालवा, आमची हरकत नाही. हे अशक्य नाही. ग्लिच नावाचा असाच एक गोड गेम 2012 मध्ये बंद पडला (त्याच्या कंपनीने पुढे स्लॅक हे ऑफिसातल्या निरोपांचं अॅप काढलं), तेव्हा वर्षभराने त्यांनी बहुतेक चित्रं सर्वांना मोकळी करून टाकली. सिटी ऑफ हीरोज हा वेगळ्या जातीचा गेम, पण तोही 2012 मध्ये बंद पडलेला. चाहत्यांच्या सर्व्हरला 2024 च्या जानेवारीत मूळ कंपनीने रीतसर परवाना दिला. अमेरिकेत 2018 पासून संग्रहालयांना आणि ग्रंथालयांना असे गेम जपायची सवलत आहे, पण त्यांच्या इमारतीच्या आतच. म्हणजे पिझ्झाचं यंत्र काचेच्या पेटीत.

मी मैत्रिणीला एवढंच लिहिलं की घर बांधणार नाही. उघड्या हिरवळीवर एक यंत्र आहे आणि तीन माणसं कमी आहेत. तिने होकार दिला नाही, वेळ विचारली.

आणि इथे नवीन अडचण. माझा सर्व्हर माझ्या घरात, ती ओहायोत. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायच्या वाटा, उघडले, तरी तिला काही दिसेना. इंटरनेटवाल्यांना फोन केला. "मॅडम, राउटर बंद करून चालू करा." केला. पुन्हा फोन, पुन्हा राउटर. पाचव्या फोनवरच्या मुलाला बिचाऱ्याला खरंच कळत होतं, तो म्हणाला, "काकू, तुमच्या घराला स्वतःचा पत्ताच नाहीये. एका पत्त्यामागे पुष्कळ घरं आहेत." सोसायटीला एकच टपालपेटी आणि पोस्टमन वर येत नाही, तसा प्रकार. वेगळा पत्ता हवा तर वेगळे पैसे. त्यापेक्षा मी क्लाउडवर एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. सगळं पुन्हा बसवलं. या वेळी तिरक्या रेघांचा प्रश्न आला नाही, कारण या सर्व्हरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि तिथे त्या सुलट्या असतात. त्याऐवजी फोल्डरच्या नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांनी एक रविवार खाल्ला.

चौघं अशी जमली: मी, मुलगा (जेवण त्याच्या आवडीचं करण्याच्या बोलीवर), ओहायोची मैत्रीण, आणि तिची सतरा वर्षांची नात. पहिला पिझ्झा फसला, मुलाने भलतंच साहित्य टाकलं. दुसराही फसला. मग कौशल्य कमी आहे म्हणून सगळे आपापल्या आरशापाशी-पुस्तकापाशी उभे राहिले आणि कोणालाच काही करायला उरलं नाही. मुलगा फोनकडे हात नेत होता, तेवढ्यात पडद्यावर त्या नातीने त्याला विचारलं की तुझी परीक्षा कशाची होती. त्याने फोन ठेवला. मैत्रिणीने मला विचारलं, "पो-हाय अजून करतेस का?"

सर्व्हरचं भाडं महिन्याला जुन्या दहा डॉलरच्या जवळपासच जातं, फक्त आता गुणाकार मोठा झालाय. दर शनिवारी आमच्या संध्याकाळी साडेसातला, तिच्या सकाळी दहाला. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की आमचे साडेआठ होतील, म्हणजे कुकर आधीच लावून ठेवावा लागेल.