दुपारी एकला अडणारं पाणी: कारण सापडलं

सापडलं! माझ्या घरी बनवलेल्या सोलर वॉटर हीटरमधल्या ज्या एअर लॉकच्या, म्हणजे पाइपात हवा अडकून पाणी थांबण्याच्या, मागे गेले पाच आठवडे लागले होते, तो कुठे बसतो आणि का बसतो ते काल दुपारी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या वेळी नव्या काचेबद्दल लिहीन म्हटलं होतं, पण काच थांबू दे. हे आधी सांगायलाच हवं.

लक्षणं तुम्हाला माहीत आहेत, तरी थोडक्यात. सकाळी साडेनऊच्या सुमाराला सायफन सुरू होतो, म्हणजे कलेक्टरमध्ये (ऊन झेलणाऱ्या काचेच्या पेटीत) तापलेलं हलकं पाणी पंपाशिवाय वरच्या टाकीत चढतं आणि गार पाणी खाली येतं. टी-1 हा सेन्सर, म्हणजे कलेक्टरमधून बाहेर पडणारं पाणी, आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा चौदा-पंधरा अंशांनी वर राहतं आणि टाकी शिस्तीत तापत जाते. साडेबारा वाजले की टी-1 सुटतो: 70, 80, 90. टाकी मात्र 43 वर अडून बसते. मग कधीतरी पाइपातून 'गुटुक' असा आवाज येतो, पाच मिनिटांत टी-1 92 वरून 64 वर उतरतो आणि पुन्हा चढायला लागतो. आलेख अगदी करवतीच्या दातांसारखा. ऊन सगळ्यात कडक असताना, चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास मिळत असताना, नेमकं तेव्हाच पाणी उभं राहायचं. फार जीव तुटायचा.

आधी क्षारांवर संशय घेतला. सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी दोन तास रायझरमध्ये, म्हणजे कलेक्टरमधल्या उभ्या नळ्यांमध्ये, ठेवून धुतलं, किंचित गढूळ पाणी निघालं, पण आलेख जसाच्या तसा. मग वाटलं नऊपैकी एखादा रायझर तुंबला असेल. इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून पाहिलं तर सगळीकडे एकच आकडा. तिथे अर्धा दिवस फुकट गेला, कारण तो आकडा काचेचा होता. काच उष्णतेच्या लांब लहरींना (इन्फ्रारेडला) अपारदर्शक असते; कलेक्टरच्या पेटीत उष्णता अडते त्यात या गुणाचाही वाटा असतो. फिनचं, म्हणजे नळ्यांना जोडलेल्या काळ्या पत्र्याचं, तापमान हवं असेल तर काच काढा किंवा आत सेन्सर चिकटवा. तेही केलं. सगळे रायझर सारखेच तापत होते.

उरला चढ. कलेक्टरच्या वरच्या एल्बोपासून (वळणाच्या जोडापासून) टाकीपर्यंतचा गरम पाइप 2.4 मीटर लांब, पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याचं प्लॅस्टिक), दोन्ही टोकांना घट्ट क्लॅम्प. पत्र्याच्या खोल पेटीत ठेवून चहूबाजूंनी रॉकवूल भरलेलं. पेटी उघडून लेव्हल ट्यूबने तीनदा चढ मोजला. तिन्ही वेळा टाकीकडचं टोक 12 सेंटीमीटर वर, मधे कुठे खड्डा नाही, उंचवटा नाही. मीटरला पाच सेंटीमीटर चढ म्हणजे सायफनला भरपूर.

तिन्ही वेळा मी मोजलं ते सकाळी सातला, पाइप गार असताना.

काल एका सेन्सरची वायर तुटली म्हणून भर दुपारी पेटीचं झाकण काढलं. रॉकवूल बाजूला केलं आणि पाहतच राहिले. पाइप झोळीसारखा खाली आला होता. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणला आणि मधे पट्टी धरली: सात सेंटीमीटर! संध्याकाळी सहाला पुन्हा मोजलं तर तीन. आज सकाळी दोरा पाइपाला टेकलेला. रोज दुपारी वाकायचा आणि रात्रीत सरळ व्हायचा.

हिशेब मांडला तेव्हा मात्र सगळं लख्ख दिसलं. सीपीव्हीसी एका अंशाला मीटरमागे साधारण 0.065 मिलिमीटर वाढतो. 2.4 मीटर पाइप 50 अंशांनी तापला की वाढ होते जवळजवळ 8 मिलिमीटर. ऐकायला किरकोळ, मीही ती किरकोळच धरली होती. पण दोन्ही टोकं जखडलेली असली तर ही वाढ जाणार कुठे? ती बाकात जाते, आणि बाक लांबीच्या वाढीपेक्षा कितीतरी मोठा निघतो. 8 मिलिमीटरच्या वाढीला गणिताने सव्वाआठ-साडेआठ सेंटीमीटर झोळ येतो. क्लॅम्पांनी थोडं सोडलं असेल, म्हणून प्रत्यक्षात सात.

आता एवढ्या झोळाने पाइपाची सुरुवात कशी होते पाहा. एल्बोतून निघाल्यावर तो वर चढत नाही, आधी खाली उतरतो. साधारण पाऊण मीटरभर उतरून दोन सेंटीमीटर खाली जातो आणि मग टाकीकडे चढायला लागतो. म्हणजे एल्बो हाच शिखर झाला, आणि हवा शिखरावरच जमते. तिथला दोन सेंटीमीटरचा अडसर माझ्या पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा जास्त आहे, त्यामुळे बुडबुड्याच्या खालून पाण्याला वाटच उरत नाही.

दोन सेंटीमीटरने इतकं काय अडतं, असं नवीन मंडळी विचारतील. सायफनला ढकलणारा जोरच मुळात बोटाच्या पेराहून कमी असतो. 40 अंशाच्या पाण्याची घनता घनमीटरला 992 किलो, 60 अंशाच्या पाण्याची 983. फरक 9 किलोंचा. माझ्याकडे टाकीचा मध्य आणि कलेक्टरचा मध्य यांत साधारण एक मीटर उंची आहे, म्हणजे सगळी यंत्रणा चालते ती अवघ्या 9 मिलिमीटर पाण्याच्या दाबावर. समोर 20 मिलिमीटरचा अडसर आला की थांबणारच. मग कलेक्टर तापत तापत नव्वदीला जातो, घनतेतला फरक वाढतो, जोर पुरेसा झाला की बुडबुडा पलीकडे ढकलला जातो. तोच तो 'गुटुक'. गार पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटत राहते, रोज टाकीत नवं पाणी येतं आणि त्याबरोबर नवी हवा. म्हणून कितीही वेळा हवा काढली तरी दुसऱ्या दुपारी खेळ तोच.

आज सकाळी टाकीकडचा क्लॅम्प सैल करून पाइपाला सरकायला जागा दिली, तिथल्या जोडाला लवचीक नळीचा तुकडा लावला आणि खाली दर 40 सेंटीमीटरवर लाकडी टेकू दिले. बाकी काहीही बदललं नाही. एक वाजला, टी-1 59. दीड, 62. आवाज नाही, दात नाहीत, आलेखाची रेघ एकसारखी वर जाणारी. दोन वाजेपर्यंत तिथेच बसून होते. चारला टाकीचं वरचं तापमान 63 आणि तळ 59, सरासरी 61. सकाळी 24 होतं. 100 लिटरला 37 अंश, म्हणजे 4.3 युनिट उष्णता टाकीत उतरली. दोन चौरस मीटरच्या, घरी झाळलेल्या, साध्या मॅट काळ्या रंगाच्या कलेक्टरने. आजवरचा माझा सगळ्यात चांगला दिवस!

दोन गोष्टी सांगून टाकते. पाइपावर नुसत्या टायने बांधलेला सेन्सर तीन-चार अंश कमी दाखवतो. थर्मल पेस्ट, वर अ‍ॅल्युमिनियमची टेप आणि वर फोम, एवढं केल्याशिवाय आकड्यांवर वाद घालू नये. आणि ज्या पुरवठादाराने ब्लॅक क्रोमच्या म्हणून रंग मारलेल्या फिन दिल्या, त्याच्याकडून पुन्हा काही घेणार नाही. ब्लॅक क्रोम ऊन शोषतो पण स्वतः उष्णता फार कमी बाहेर टाकतो. काळा रंग जितकी घेतो तितकीच सढळपणे टाकतो. दिसायला दोन्ही काळेच, म्हणून घेताना फसायला होतं.

पंप बसवण्याचा सल्ला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दिला होता आणि मी जवळजवळ तयार झाले होते. आता नाही. विल्यम बेली यांनी कॅलिफोर्नियात 1909 मध्ये टाकी कलेक्टरपासून वेगळी काढून वर बसवली, तेव्हापासून पाणी आपलं आपण फिरतं आहे. पंपाने बुडबुडा ढकलला गेला असता, पण वाकणारा पाइप रोज वाकतच राहिला असता आणि एक दिवस जोडातून फुटला असता.

ठरवलं होतं की हा तुकडा तांब्याचा करायचा. तांब्याची वाढ सीपीव्हीसीच्या पाव पट, म्हणजे इथे दोनच मिलिमीटर. पण लिहिता लिहिता ताळा केला: दोन्ही टोकं जखडली तर दोन मिलिमीटरलाही चार सेंटीमीटर बाक येऊ शकतो! तेव्हा तांबं घेतलं तरी एक टोक मोकळंच ठेवायला हवं. त्यापेक्षा टाकीच पाऊण मीटर अलीकडे सरकवली तर? पाइप साधारण 1.65 मीटरवर येईल, काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशाचे दोन बसतील आणि चढ जवळजवळ दीडपट होईल. टाकीचा तळ कलेक्टरच्या माथ्यापेक्षा 35 सेंटीमीटर वर आहे, तो तसाच राहील, म्हणजे रात्री उलटा प्रवाह सुरू व्हायची भीती नाही. स्टँडचे पाय मात्र नव्याने वेल्ड करावे लागतील. उद्या टाकी रिकामी करून मापं घेते, आणि एल्बोवर अर्धा इंची व्हेंटसाठी, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या नळीसाठी, टी-जोड बसतो का तेही तेव्हाच पाहते.