तुम्ही विचारलंत म्हणून : भूल दिलेला कुत्रा उठेल ना?

नसबंदीसाठी किंवा दात साफ करण्यासाठी भूल द्यावी लागेल असे सांगितले की समोरून हमखास प्रश्न येतो, "डॉक्टर, तो उठेल ना?" लसीच्या वेळी त्याच भीतीचे रूप थोडे बदलते : "शेजाऱ्यांच्या पॉमेरेनियनचं तोंड सुजलं होतं म्हणे, आमच्याला काही होणार नाही ना?" दवाखान्यात गर्दी असते, "काळजी करू नका" म्हणून वेळ मारून नेता येते. पण घरी गेल्यावर तुमची काळजी काही कमी झालेली नसते, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी आकडे पाहू. ब्रिटनमध्ये सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या भुलीची नोंद ठेवून केलेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी कुत्र्यांमध्ये साधारण १,८५० मागे एक मृत्यू आढळला, तर आधीच आजारी असलेल्या कुत्र्यांमध्ये हेच प्रमाण ७५ मागे एक इतके होते. म्हणजे औषधे तीच असली तरी कुत्रा टेबलावर कोणत्या अवस्थेत येतो, यावर बरेच काही ठरते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते : जवळपास निम्मे मृत्यू शस्त्रक्रिया आटोपल्यानंतरचे होते आणि त्यांतले बरेचसे पहिल्या तीन तासांतले. टाके पडले, डॉक्टरांनी हातमोजे काढले, बाहेर तुम्हाला "झालं सगळं" असा निरोप मिळाला, की खरी राखण तिथून पुढे सुरू होते. म्हणूनच "कोणतं औषध वापरता?" यापेक्षा "तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ कोण बसणार?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. विचारल्याचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

भुलीच्या आधीच्या तपासणीत आपल्याकडे एक गोष्ट विशेष पाहावी लागते, ती म्हणजे गोचीड ताप. वरून धडधाकट दिसणारा, जेवण बेताचे पण शेपटी हलवणारा कुत्रा येतो. ओठ वर करून पाहावे तर हिरड्या फिकट, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, आणि रक्ताच्या अहवालात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, तळाला गेलेल्या. अशा कुत्र्याची ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलून आधी तापावर उपचार करणे, हाच शहाणपणा. काही जणांना रक्ततपासणी हा दवाखान्याचा वाढीव खर्च वाटतो. वाटू द्या, मी त्याशिवाय ठरवून करायची शस्त्रक्रिया हाती घेत नाही. उपाशी ठेवण्याबाबत मात्र लोक अति करतात. प्रौढ कुत्र्याला साधारण सहा तास अन्न नसले तरी पुरते आणि पाणी आदल्या रात्रीपासून तोडण्याचे कारण नसते. लहान जातीच्या पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवले, तर भुलीआधीच त्याची रक्तातली साखर उतरते.

जातीचाही प्रश्न असतो. कारवानी किंवा मुधोळसारख्या सडपातळ कुत्र्यांना थायोपेंटोन हे भुलीचे इंजेक्शन देताना मी कचरतो, कारण ते औषध मेंदूतून उतरून स्नायूंत आणि चरबीत पसरते तेव्हा जनावर उठते, आणि या कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. ग्रेहाउंडमध्ये यकृतही हे औषध सावकाश निकालात काढते असे सिद्ध झालेले आहे. आपल्या शिकारी कुत्र्यांचा बांधा त्याच वळणाचा, म्हणून खबरदारी तीच. पगची गोष्ट याहून वेगळी. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने हा कुत्रा आपल्याकडे घरोघरी पोचवला, पण त्याच्या चपट्या तोंडामागची अरुंद नाकपुडी आणि लांबलेला मऊ टाळू जाहिरातीत दिसत नव्हता. पगला झोपवणे तुलनेने सोपे असते, कारण श्वासनलिकेत नळी असेपर्यंत त्याचा श्वास मोकळा असतो. जोखीम नळी काढताना असते. इतर कुत्रा गिळू लागला की आम्ही नळी काढतो. पग मान वर धरून बसतो, नळी चावू लागतो, तरीही आम्ही ती ठेवतो; तो स्वतःच वैतागून ती नको म्हणेपर्यंत. तोवर अंगाखाली गरम पाण्याच्या पिशव्या, वर घोंगडी, जिभेला ऑक्सिजन मोजणारा चिमटा आणि शेजारी एक जागता माणूस.

आता वयाबद्दल. "दहा वर्षांची झाली, आता कशाला भूल?" असे म्हणणाऱ्यांची काळजी अनाठायी नाही, वयाबरोबर जोखीम वाढतेच. पण भुलीच्या भीतीपोटी वर्षानुवर्षे टाळलेली नसबंदी पुढे काय रूप घेते, ते आम्ही पाहतो. माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत मादी खूप पाणी पिऊ लागते, जेवण सोडते, पोट फुगते. सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने भरलेले निघते. अशा वेळी शस्त्रक्रिया बहुधा टाळता येत नाही. तरुण आणि निरोगी असताना जी भूल नको होती, तीच आता ताप, उतरलेला रक्तदाब आणि दमलेली मूत्रपिंडे घेऊन अर्ध्या रात्री द्यावी लागते.

लसीचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. अमेरिकेत बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवरून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लसीनंतर तीन दिवसांत दर दहा हजारांमागे ३८ कुत्र्यांना काही ना काही त्रास झाल्याचे दिसले. वजन जितके कमी तितका धोका अधिक. आणि दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यांत, एकाच भेटीत दिलेल्या प्रत्येक जादा लसीमागे तो २७ टक्क्यांनी वाढत होता. म्हणून छोट्या कुत्र्याला रेबीजची लस आणि इतर रोगांची एकत्रित लस मी वेगवेगळ्या दिवशी देतो, दोन फेऱ्या पडल्या तरी. "एवढासा आहे, अर्धीच द्या" हे मात्र ऐकत नाही, कारण लसीची मात्रा वजनावर ठरत नसते आणि अर्ध्या मात्रेने संरक्षण मिळेलच याची हमी नाही.

एक-दोन दिवस मरगळ, किंचित ताप, टोचलेल्या जागी गाठ, हे चालायचेच. माणसांच्या कपाटातली आयबुप्रोफेनची किंवा डायक्लोफेनॅकची गोळी मात्र कुत्र्याला कधीही देऊ नका; पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डोळ्यांभोवती आणि ओठांवर सूज, अंगावर गांध्या, सतत तोंड घासणे, हे दिसले तर त्याच दिवशी परत या. लस दिल्यावर थोड्याच वेळात वारंवार उलट्या, जुलाब, पांढऱ्या हिरड्या आणि गळून पडणे असे झाले, तर ती खरी आणीबाणी आणि तेव्हा अॅड्रेनलिन लागते. ती बहुतेकदा लवकर उद्भवते, म्हणून मी लस दिल्यावर अर्धा तास बाकावर बसायला सांगतो, आणि म्हणूनच रिक्षा खोळंबली आहे ही सबब चालत नाही.

एकदा प्रतिक्रिया आली म्हणजे लस कायमची बंद, असे परस्पर ठरवू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही आणि तो घरातल्या माणसांनाही होतो, त्यामुळे तिथे सूट देणे फार अवघड आहे. लसकार्डावर लसीचे नाव, बॅच क्रमांक, किती वेळाने काय झाले आणि कोणते इंजेक्शन दिल्यावर उतरले, एवढे लिहून घ्या. पुढच्या वर्षी कदाचित दुसरा डॉक्टर असेल आणि लस कोणती, कधी व कशी द्यायची हे त्याला त्या नोंदीवरूनच ठरवावे लागेल.