साखळी, नोंदवही आणि पंधरा हजार त्सुबो

वसाहतवाद म्हटलं की आपल्याला कंपनी सरकार, सारा, कापूस, रेल्वे आठवते. बाहेरून कुटुंबंच्या कुटुंबं आणून वसवायची आणि मूळच्या माणसांना जमिनीवरून हटवायचं, हा प्रकार पुणे जिल्ह्यात झाला नाही. त्याची अवजारं मात्र इथेही आली.

1830 च्या सुमारास कंपनी सरकारचा अधिकारी प्रिंगल याने पुण्याच्या मुलखात प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या 55 टक्के सारा बसवला. इंग्रज अर्थतज्ज्ञ रिकार्डोचा जमिनीच्या खंडाचा सिद्धांत थेट दख्खनच्या कोरडवाहूत उतरवलेला! मोजणी चुकीची, आकारणी जबर. रयत गावं सोडून निजामाच्या हद्दीत गेली. मग 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली: 33 फुटी साखळी, सर्व्हे नंबर, 30 वर्षांसाठी ठरलेला दर. साखळीभर लांब-रुंद तुकडा म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 म्हणजे एकर. ही साखळी म्हणजे गंटरच्या 66 फुटी साखळीची निम्मी, आणि गंटरच्याच साखळीने अमेरिकेत 1785 नंतर सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिपा आखल्या गेल्या. साखळीचं कूळ एकच. इंदापुरात मोजलेल्या शेतापुढे कसणाऱ्याचंच नाव लागलं, अमेरिकेत ओहायो नदीच्या पलीकडे विकत घेणाऱ्या नवख्याचं.

म्हणून वसाहतीतला कुठलाही जमीन कायदा वाचताना प्रस्तावना सोडून द्यावी आणि तीन कलमं शोधावीत. मालकीची सुरुवात कुठून धरली आहे? हरकत घेण्याची जबाबदारी कोणावर आहे? आणि जमीन कोणत्या अटीवर परत जाते?

रॉबर्ट टॉरेन्सचा कायदा (दक्षिण ऑस्ट्रेलिया, 1858) या कसोटीवर तपासण्यासारखा आहे. टॉरेन्स ॲडलेडला जकातीचा अधिकारी होता. जहाजाची मालकी जशी एका नोंदवहीत असते तशी जमिनीची ठेवायची, ही त्याची कल्पना. प्रत्येक तुकड्याला एक पान. विक्री त्या पानावर चढली की पक्की. जुने दस्त तपासायची गरजच नाही. पुण्यात प्लॉट घेताना वकील 30 वर्षांचा सर्च का काढतात, हे माहीत असणाऱ्याला यातली सोय लगेच कळेल. आपल्याकडे दस्त नोंदवला जातो, मालकीची हमी सरकार देत नाही. सातबारासुद्धा खोटा ठरेपर्यंतच खरा.

पण त्या वहीचं पहिलं पान सरकारी देणगीपासून उघडतं. त्याआधीचं काहीच तिला दिसत नाही. 1836 च्या शाही सनदेत मूळ रहिवाशांचा वहिवाटीचा हक्क अबाधित ठेवला होता, तो कोणत्याच पानावर चढला नाही.

हीच पद्धत फ्रेंचांनी 1885 मध्ये ट्युनिशियात नेली. तिथे मात्र आधीचे हक्क कागदोपत्री भक्कम होते, हबूस म्हणजे वक्फसारख्या जमिनी होत्या, त्यामुळे एक चाक जोडावं लागलं: अर्ज, जाहीर नोटीस, हद्दीचे दगड, आणि फ्रेंच व स्थानिक न्यायाधीशांचं मिश्र न्यायालय. मुदतीत हरकत आली नाही की जुने सगळे हक्क साफ. गुरं घेऊन लांब गेलेल्या माणसाने सरकारी पत्रकातली नोटीस वाचायची होती! 1902 मध्ये अमेरिकनांनी फिलिपिन्समध्येही टॉरेन्स आणला.

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं, कारण तिथे उधारी उघड होती. 1871 मध्ये जपानने अमेरिकेचा कृषी आयुक्त होरेस केप्रॉन यालाच सल्लागार म्हणून बोलावलं. पुढे 1887 चा अमेरिकन डॉज कायदा नजरेसमोर ठेवून 1899 चा ऐनू (होक्काइदोचे मूळ रहिवासी) ‘संरक्षण’ कायदा झाला. डॉजमध्ये कुटुंबप्रमुखाला 160 एकर आणि उरलेली जमीन विक्रीला. 1934 पर्यंत मूळ अमेरिकनांची जमीन 13 कोटी 80 लाख एकरांवरून सुमारे 4 कोटी 80 लाखांवर आली. जपानने माप आणखी आखूड केलं. ऐनू कुटुंबाला जास्तीत जास्त 15,000 त्सुबो, म्हणजे साधारण सव्वाबारा एकर, आणि 15 वर्षांत लागवडीखाली आली नाही तर परत. शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या माणसाला ही अट म्हणजे सापळाच. दोनच वर्षं आधी, 1897 मध्ये, पडीक सरकारी जमीन फोडणाऱ्यांसाठी कमाल मर्यादा होती 15 लाख त्सुबो. बरोबर शंभर पट. ऐनूंचा कायदा रद्द व्हायला 1997 उजाडलं.

उसना नमुना फसतोही. जर्मन अर्थतज्ज्ञ माक्स झेरिंग 1883 मध्ये उत्तर अमेरिकेतली होमस्टेड पद्धत, म्हणजे वसून कसणाऱ्याला फुकट जमीन, पाहून आला. 1886 मध्ये प्रशियाने पोझेन आणि पश्चिम प्रशियात पोलिश जमीनदारांच्या इस्टेटी घेऊन त्यावर जर्मन शेतकरी वसवायला 10 कोटी मार्कांचा आयोग नेमला. पण प्रेअरीत सरकार फुकट जमीन वाटत होतं, इथे बाजारभावाने घ्यायची होती, आणि समोर संघटित पोलिश बँका बोली लावत होत्या. भाव भडकले. आयोगाची पुष्कळशी खरेदी जर्मन जमीनदारांकडूनच झाली. शेवटी 1908 मध्ये सक्तीच्या संपादनाचा कायदा करावा लागला. मूळचा पोझेन प्रांतातलाच आर्थर रुप्पिन त्याच वर्षी पॅलेस्टाईनमधल्या याफाला झायोनिस्ट, म्हणजे तिथे ज्यूंना वसवू पाहणाऱ्या चळवळीची, कचेरी उघडून बसला होता. त्याने आयोगाची रीत उचलली: एका संस्थेने सलग मोठी जमीन घ्यायची, ती तयार करायची, आणि मगच तुकडे पाडून माणसं वसवायची.